साडू पडला ती पायरी

या, जरा जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावं. टेकून ऐकलं की अर्धी गोष्ट कानाबाहेरच राहते. आज एका सज्जन, नाकासमोर चालणाऱ्या गृहस्थाची कथा सांगतो. नाकासमोर चालता चालता तो एके दिवशी सपशेल आडवा कसा झाला आणि त्या आडवं होण्याचा खर्च कुठवर गेला, ती ही कथा. हसायला पूर्ण मोकळीक आहे. फक्त हसताना मनात आपापला साडू, आपापली जाऊ, आपापला शेजारी आणावा, म्हणजे हसू आपोआप बेताचं राहतं.

आपल्या कथानायकाला अख्खी इमारत तराजूकाका म्हणायची. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली. ते बाजारात शिरले की दुकानदार काट्याखाली लपवलेली चुंबकं काढून खिशात टाकत. निवृत्त झाले, पण हात थांबेना. दुधाच्या पिशवीलासुद्धा वजनकाट्यावर बसल्याशिवाय फ्रिजमध्ये प्रवेश नव्हता. काकू म्हणायच्या, "अहो, दुधाचं झालं असेल तर मला चहाला द्या. की आधी माझंही वजन करायचंय?" काकांना ही थट्टा कळायची, पण तिची नोंद ते घेत नसत.

काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे काकांचा साडू. औषधांच्या गोदामात हिशेबनीस, शांत, हसरा, कुठल्याही फोटोत कडेला उभा राहणारा माणूस. लग्न झाल्यापासून तो काकांच्या एक पायरी खाली होता. पगार थोडा कमी, घर थोडं लहान, केस मात्र थोडे जास्त. पण तेवढं काकांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं होतं. साडूंमधलं प्रेम टिकायचं तर एकाचं पारडं किंचित खाली असावं लागतं, आणि ते आपलं नसावं लागतं. काकांचं साडूवर फार प्रेम होतं.

आणि मग साडू पडला.

फरशांच्या एका मोठ्या दुकानात, दाराशीच, चकचकीत फरशी बसवलेल्या पायरीवरून तो घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. त्याने दुकानावर नुकसानभरपाईचा दावा लावला. दुकानाने कोर्टाबाहेर तडजोड केली. प्रकरण मिटलं, आणि काकांच्या आयुष्यातली शांतीही तिथेच मिटली.

कारण असं, की तडजोडीत एक अट होती: रक्कम कुणाला सांगायची नाही. कुणी विचारलं, "किती मिळाले हो?" की साडू गालात हसायचा आणि म्हणायचा, "सह्या केल्यात. सांगता येत नाही."

झालं! त्याने आकडा सांगितला असता तर आकडा जागच्या जागी राहिला असता. न सांगितल्यामुळे त्याला पाय फुटले. काकांच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. कुठल्याही विषयावर न विचारता मत द्यायचे, म्हणून त्यांचं नाव सल्लागार. ते म्हणाले, "आतल्या गोटातली बातमी आहे. फ्रिज येईल एवढे मिळाले." आठवड्याभरात इस्त्रीच्या दुकानात त्या फ्रिजची स्कूटर झाली. काकूंच्या शिवणवर्गात स्कूटरला आणखी दोन चाकं लागली. आणि एका संध्याकाळी जिन्यात सल्लागार काकांच्या कानाशी लागून म्हणाले, "अर्धा फ्लॅट, तराजूकाका. अर्धा फ्लॅट! नुसत्या मनगटाचा!"

काका जेवले नाहीत त्या रात्री. म्हणजे भूक नाही म्हणाले आणि मग अर्धंच जेवले.

त्यात साडूच्या घरी आरामखुर्ची आली. साधीसुधी नव्हे, बटण दाबलं की पाय वर जातात आणि पाठ मागे कलते, अशी. काका-काकू पाहायला गेले. मेहुणीने आग्रह केला, "भावोजी, बसून तर बघा." काका बसले आणि साडूने कौतुकाने बटण दाबलं. आता पाहा, परवानगीशिवाय पाय वर गेलेल्या माणसाला कितीही गंभीर चेहरा केला तरी काही उपयोग होत नाही. काका छताकडे बघत, दोन्ही मोजे जगाला दाखवत म्हणाले, "छान आहे. थोडी डावीकडे झुकलीय."

परत येताना काकू म्हणाल्या, "तुमच्या साडूंनी निदान काहीतरी करून तर दाखवलं."

"काय करून दाखवलं? पडला तो! पडला!"

"तुम्ही तेवढंही केलं नाहीत."

मंडळी, षड्रिपूंमधले पहिले पाच सभ्य आहेत. काम येवो, क्रोध येवो, दारावरची बेल वाजवून येतात. आपण कडी लावून घेऊ शकतो. सहावा जो मत्सर, तो मात्र नात्यातला असल्यासारखा मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतो, आपल्याच ताटात जेवतो आणि आपल्यालाच म्हणतो, आज मीठ कमी वाटतं नाही? देवाने आपल्याला डोळे दोन दिले ते एक स्वतःच्या ताटाकडे आणि एक देवाकडे बघायला. काकांचे दोन्ही साडूच्या खुर्चीवर खिळले.

शेवटी एका सकाळी त्यांनी खात्यातली जुनी मोजपट्टी खिशात टाकली आणि ते फरशांच्या दुकानात गेले. घ्यायचं काहीच नव्हतं. फक्त ती पायरी बघायची होती. एका साध्या मनगटाला अर्धा फ्लॅट देणारी पायरी आहे तरी केवढी!

पायरी अगदीच सामान्य निघाली. काकांनी वाकून तिची उंची मोजली. मग रुंदी मोजली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा उंची मोजली. मग नीट दिसावी म्हणून दोन पावलं मागे सरकले. मागची फरशी कुणीतरी नुकतीच पुसून गेलं होतं, आणि ओली असल्याची पाटी कुठेच नव्हती.

उजवा पाय एका दिशेला गेला आणि काका दुसऱ्या. घोट्यात काहीतरी कडकन वाजलं. तोंडातून "आई गं!" निघालं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्या काजव्यांच्या उजेडात मनात पहिला विचार आला तो असा: आता बघतोच साडूला!

घोटा मोडला होता. प्लास्टर चढलं. साडू सफरचंदं घेऊन भेटायला आला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "साडूभाऊ, जपायला हवं होतं हो." काकांना त्या पाण्यात निव्वळ धास्ती दिसली. साडू गेल्यावर सल्लागार पलंगाच्या काठावर बसले आणि प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "घोटा! मनगटाच्या पुढचा माल. मनगटाने माणूस फार तर घास घेतो, घोट्यावर अख्खा माणूस उभा असतो. पाऊण फ्लॅट कुठे जात नाही."

काकांना त्या दिवसापासून दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं.

वकीलबाईंचं ऑफिस चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, वर एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींवर ठेवलेला एक इवलासा पंखा. वकीलबाई तरुण होत्या, पण बोलणं मात्र पिकलेलं. त्या म्हणाल्या, "काका, माझी पद्धत सरळ आहे. जिंकलो तर मिळालेल्या रकमेतून माझा वाटा. हरलो तर माझी फी शून्य."

काकांना वाटलं, एवढा चोख काटा आपण अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. सहीला पेन उघडलं.

"थांबा. फी शून्य म्हटलं मी. खर्च शून्य म्हटलेलं नाही. कोर्टाचे पैसे, डॉक्टरांचा अहवाल, तज्ज्ञ, फोटो, टंकलेखन, हे आत्ता आणि तुम्ही भरायचं. जिंकलो तर त्यातलं बरंचसं दुकानाकडून परत घेऊ, सगळं मिळेलच असं नाही. हरलो तर त्यांच्या वकिलाचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो. त्यासाठी विमा मिळतो. त्याचा हप्ताही तुमचाच."

"म्हणजे पडलो मी, आणि पैसे भरायचेही मीच?"

"न्याय महाग नसतो काका. न्यायापर्यंत जायचा रस्ता महाग असतो."

काका क्षणभर घुटमळले. मग त्यांना खुर्चीचं बटण आठवलं. त्यांनी सही केली.

घरी काकूंचं एक वेगळं बँकखातं होतं. लेक परदेशी, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि काकूंनी शिवणकामातून तिकिटाचे पैसे साठवले होते. काका म्हणाले, "तात्पुरते घेऊ. निकाल लागला की दोघांची तिकिटं काढू, आणि तीही पुढच्या मोठ्या सीटची."

"मला पुढची सीट नको," काकू म्हणाल्या. "मला लेकीजवळची खुर्ची हवीय. वेळेवर. घ्या, पण माझं विमान चुकलं तर तुमच्या घोट्याला मी जबाबदार नाही."

मग खर्चाची जी काय रीघ लागली! हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघावं तेवढाच वेळ घोट्याकडे बघितलं आणि अहवाल लिहिला. फोटोवाल्याने घोट्याचे समोरून, बाजूने, खालून इतके फोटो काढले की काकांच्या लग्नात काकांचेही तेवढे निघाले नव्हते. आणि मग पायरीचा तज्ज्ञ आला. हो, असतो असा माणूस! एका पेटीला रबरी बूट लावून तो फरशीवर ओढायचा आणि फरशी किती निसरडी ते यंत्रावर वाचायचा. आकडा काकांच्या बाजूचा निघाला. वकीलबाई खूश झाल्या. एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण काकांमधला निरीक्षक कुबडी टेकत पुढे सरकला.

"हे यंत्र शेवटचं प्रमाणित कधी केलंत? शिक्का बघू."

शिक्क्याची मुदत उलटून गेली होती.

"चालणार नाही!" काकांनी करड्या आवाजात सुनावलं. कित्येक वर्षांनी तो आवाज बाहेर पडला आणि काकांना फार बरं वाटलं. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "काका, तो आपला माणूस आहे! आपण पैसे देऊन आणलाय!" पण बोललेलं बोललं गेलं होतं, दुकानाचा माणूस शेजारीच उभा राहून ऐकत होता. तज्ज्ञाला यंत्र प्रमाणित करून पुन्हा यावं लागलं, आणि त्याने पुन्हा पैसे घेतले. काकूंचं खातं आणखी खाली बसलं. विमान तेवढं वर गेलं.

पुढे एक दिवस दुकानाच्या वकिलांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. थंडगार खोली, लांब टेबल, भिंतीवर पडदा. "आमच्याकडे दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे," दुकानाचे वकील मऊ आवाजात म्हणाले. पडद्यावर काका दुकानात शिरले. एकाही फरशीकडे न बघता पायरीशी आले. वाकले. उठले. पुन्हा वाकले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा वाकले. कोपऱ्यातल्या कारकुनाने हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, आणि ते पाणी टेबलावर आलं.

"आपण तिथे नेमकं काय करत होता?" दुकानाच्या वकिलांनी विचारलं. "आमचे अशील म्हणतात, आपण पडायची जागा निवडत होता."

काकांचे कान लाल झाले. आयुष्यभर ज्याने खोटं माप चालू दिलं नाही, त्याच्यावर खोटं पडल्याचा आरोप! "मी... मोजत होतो," ते म्हणाले. कशासाठी, हे मात्र त्यांच्या तोंडून निघेना. वाईट हेतू नव्हता हे शपथेवर सांगता आलं असतं. खरा हेतू मात्र शपथेवर काय, कुजबुजूनही सांगण्यासारखा नव्हता.

वकीलबाईंनीच बाजू सावरली. "चित्रण थोडं मागे घ्या. तो पोछा दिसतोय? ही बादली? आणि पाटी दाखवा कुठे आहे ती." पाटी कुठेच नव्हती. दुकानाचे वकील घसा खाकरून बाहेर गेले आणि येताना एक प्रस्ताव घेऊन आले.

चाव्यांच्या दुकानावरच्या खोलीत वकीलबाईंनी तो काकांपुढे ठेवला. "घ्या काका. भरलेले खर्च बहुतेक सगळे परत येतात, माझा वाटा निघतो, वर थोडे उरतात. काकूंचं तिकीट नक्की निघतं."

काकांनी रक्कम वाचली. फ्रिज आणि स्कूटर यांच्या मधली कुठलीतरी. "हे तर साडूच्या पासंगालाही पुरणार नाही!"

"साडू कोण?"

"ते असू दे. मी हे घेणार नाही."

वकीलबाईंनी पंखा बंद केला. "नीट ऐका. तुम्ही हे नाकारलंत आणि कोर्टाने याच्यापेक्षा कमी दिलं, तर इथून पुढचा त्यांच्या वकिलाचा खर्च तुमच्या अंगावर येणार. तो मिळालेल्या रकमेतून कापतील. आणि ते तीन वेळा वाकणं न्यायाधीशांनी बघितलं ना, की कमीच देतील. विम्याचे लोकही म्हणतील, वकिलाने घ्या म्हटलं होतं ना, आता आम्ही भरणार नाही. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे. तिकीट जाईल, काका. एवढं तरी पक्कं समजा."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या बाळासाठी शिवलेलं झबलं हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, खरं सांगा. तुम्हाला किती हवेत?"

"साडूपेक्षा जास्त."

"त्यांना किती मिळाले?"

ज्या मापाशी आपण सहा महिने स्वतःला तोलत होतो, ते माप आपण कधी पाहिलेलंच नाही, हे जन्मभराच्या निरीक्षकाला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका साडूच्या दारात उभे राहिले. मेहुणी बाहेर गेली होती. साडूने दार उघडलं.

"साडूभाऊ," काका उंबऱ्यातूनच म्हणाले, "पाच वाजता मुदत संपते. माझ्यासाठी नाही, तुमच्या ताईंच्या तिकिटासाठी विचारतो. किती मिळाले?"

साडू नेहमीसारखा हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "सांगता येत नाही हो. खरंच सह्या केल्यात." मग थोडा विचार करून म्हणाला, "आमचं न्हाणीघर बघायचंय तुम्हाला?"

"न्हाणीघर?"

"तुम्ही बघायला आलात. मी काही बोललो नाही."

न्हाणीघरात जमिनीवर एक हिरवी रबरी चटई होती. घसरू नये म्हणून घालतात तसली. साडूने तिच्याकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

"सगळं वजा जाता उरलं ते हे."

काका चटईकडे बघत राहिले. अर्धा फ्लॅट जमिनीवर ओला होऊन पडला होता. "आणि ती खुर्ची?"

"ती हप्त्यांवर. लोक रोज विचारायचे, एवढे मिळाले तर घेतलं काय? काय दाखवणार? शेवटी घेतली." साडू खाली बघत म्हणाला, "खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. आजवर घरात काहीही ठरलं की सगळे तुमच्या तोंडाकडे बघायचे. साहेब, निरीक्षक! मला फार वाटायचं हो, एकदा तरी तुम्ही वळून माझ्याकडे बघावं. आणि या वर्षी तुम्ही बघितलंत."

नळ ठिबकत होता. साडूने तो बंद करायला सवयीने उजवा हात पुढे केला. बोटांनी तोटी धरली, पण मनगट फिरेना. त्याने ओठ दाबले, हात मागे घेतला आणि डाव्या हाताने नळ बंद केला.

काकांना तेव्हा कळलं की आपण या माणसाची खुर्ची बघितली, हसणं बघितलं, आकडा तर न दिसताही बघितला. हा हात मात्र एकदाही बघितला नाही.

"अजून दुखतं?" त्यांनी विचारलं.

साडूचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "रात्री दुखतं. लिहिता येत नाही नीट, गोदामातून काढतील की काय अशी भीती वाटते. वर्षभर सगळ्यांनी किती मिळाले ते विचारलं, साडूभाऊ. हे विचारणारे तुम्हीच पहिले."

काकांनी कुबडी भिंतीला लावली, साडूचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसेच उभे राहिले. दोघांचे मिळून धड पाय तीन आणि धड हातही तीनच, पण उभे मात्र नीट होते.

"चला," मग काका म्हणाले. "रिक्षा बोलवा. तो चाव्यांच्या दुकानाचा जिना मला एकट्याला चढवत नाही."

सही पाचच्या आत झाली. वकीलबाईंनी आपला वाटा घेतला आणि काकांनी तो मोजला नाही, हीच या कथेतली सर्वांत अद्भुत गोष्ट समजा. काकूंचं तिकीट निघालं, मागच्या रांगेतलं, पण वेळेवरचं. उरलेल्यातून काकांनी साडूच्या मनगटासाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे पैसे भरले. साडूने फार आढेवेढे घेतले. काका म्हणाले, "सांगता येत नाही, सह्या केल्यात," आणि विषय संपवला.

जिन्यात सल्लागार वाटच बघत होते. "किती मिळाले? गाडी? फ्लॅट? माझ्याशी बोला, बाहेर जाणार नाही."

आता बघा, मंडळी, हीच खरी कसोटी. काकांच्या गालात ते हसू आलंच होतं, ओठांपर्यंत पोचलं होतं. एकदा हसले असते तर काकांचाही अर्धा फ्लॅट झाला असता, आणि सल्लागारही अर्धंच जेवले असते. पण सल्लागारांच्या हातात फरशांच्या दुकानाचा रंगीत कागद होता, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते काकांनी ओळखलं. ते सहा महिने आपल्याच घरी मुक्कामाला होतं.

"मोडलेला घोटा मिळाला," काका म्हणाले. "तुम्ही तिकडे जाऊ नका. घरी चला, चहा घेऊ."

झाली आपली कथा. आता उठण्याआधी एक मागणं आहे, तेवढं द्या. उद्या तुमच्या ओळखीतलं कुणी पडेल, कुणाचा हात प्लास्टरमध्ये दिसेल, आणि तोंडात "किती मिळाले" हा प्रश्न येईल. त्या वेळी नळाशी उभ्या असलेल्या आपल्या साडूला आठवा. वर्षभर ज्याला कुणी "दुखतं का" म्हणून विचारलं नाही, त्या हसऱ्या माणसाला घटकाभर आठवा. देव तुमचं भलं करो, आणि जाताना दाराशी पाय जपून टाका.